केटीएम आरसी ३९० ला पार्ट टाकताय? आधी ब्रेक, मग क्लच, पेट्रोलचं सगळ्यात शेवटी

नमस्कार मंडळी! एक्झॉस्टच्या व्हिडिओखाली तुमचे जे प्रश्न आलेत, त्यातले बहुतेक असे आहेत : "दादा, सेकंडहँड आरसी ३९० घेतली, पहिलं काय टाकू? फिल्टर की ईसीयू?" ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. ब्रेकचं नाव कुणी काढत नाही. म्हणून आज आधी ब्रेक, मग क्लच, मग पेट्रोल. क्रम हाच ठेवायचा. पैसे कमी पडले तर शेवटचं राहू द्या, पहिलं नाही.

गाडी कुठली, तर जुन्या पिढीची आरसी. आपल्या चाकणला बनलेली, ३७३ सीसीची. चेन, टायर, कूलंट, हँडलचं बेअरिंग, हे गाडी घेतल्या घेतल्या बघायचं असतं, ते सांगत बसत नाही. एकच विचारतो, तुमची गाडी २०१७ च्या आधीची की नंतरची? २०१७ ला पुढची डिस्क ३०० मिलिमीटरवरून ३२० झाली आणि थ्रॉटल राइड-बाय-वायर झाला, म्हणजे मुठीपासून इंजिनापर्यंत थेट केबल राहिली नाही. मॉडेलचं वर्ष न सांगता पार्ट मागवला की चुकीचा येतो, आणि मग पुण्याच्या नाना पेठेत, पार्टच्या दुकानांत चकरा मारत बसावं लागतं.

चला, ब्रेक. पुढचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, बायब्रेचा, चार पिस्टनचा. बायब्रे म्हणजे ब्रेम्बोचाच छोट्या गाड्यांसाठीचा ब्रँड. कॅलिपर चांगला आहे, तो बदलायची काही गरज नाही. बदलायची आहे ती रबरी ब्रेक लाइन. इतक्या वर्षांत रबर दमलेलं असतं. लिव्हर दाबला की आतल्या दाबाने पाइप किंचित फुगतो, आणि तुमच्या बोटांचा तेवढा जोर फुगवण्यात जातो. स्टील ब्रेडेड लाइनमध्ये आत टेफ्लॉनची नळी असते आणि वर स्टीलच्या तारांची वीण, त्यामुळे ती फुगत नाही. लक्षात घ्या, ब्रेडेड लाइनने ब्रेकची ताकद वाढत नाही. लिव्हर किती दाबला की गाडी किती धरते, याचा अंदाज पक्का होतो. घाट उतरताना हा अंदाजच कामाला येतो.

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. एबीएसच्या गाडीला मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे लिव्हरजवळच्या ऑइल दाबणाऱ्या सिलिंडरपासून, एबीएस युनिटपर्यंत एक लाइन आणि तिथून कॅलिपरपर्यंत दुसरी असते. मास्टरपासून थेट कॅलिपरला जाणारी एकच लाइन बसवून एबीएस बाजूला काढून देणारे लोक आहेत. कुणी असं सुचवलं तर गाडी उचला आणि दुसरं गॅरेज बघा. पावसात ताम्हिणी उतरताना ते युनिट तुमचा जीव वाचवतं.

जोडाला बँजो बोल्ट, म्हणजे आतून ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट, असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. हे वॉशर दर वेळी नवीन घालायचे. तांबं एकदा दाबलं गेलं की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, आणि तिथूनच ऑइल पाझरतं. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच आवळा.

आता मूळ मुद्दा. हा नीट ऐका, कारण निम्मी कामं इथे बिघडतात : एअर काढणं, म्हणजेच ब्लीडिंग. लाइन बदलली म्हणजे आत हवा गेलीच. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणजे हवेचा बुडबुडा राहिला की लिव्हरची निम्मी चाल त्याला दाबण्यातच जाते. नवीन लाइन, नवे पॅड, सगळं टाकलं आणि लिव्हर स्पंजासारखा, असं होतं ते यामुळे.

करायचं कसं? कॅलिपरच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवा. लिव्हर हळू दाबा आणि दाबून धरा. निपल पाव फेरा सैल करा, ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतील. आता निपल बंद करा, आणि बंद केल्यावरच लिव्हर सोडा. परत सांगतो : आधी निपल बंद, मग लिव्हर मोकळा. उलटं केलं तर सोडताना तीच हवा निपलच्या आट्यांमधून परत आत खेचली जाते, आणि तासभर काम करून तुम्ही होता तिथेच राहता. मधेमधे मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं ऑइल बघत राहा. पातळी खाली गेली की वरून नवीन हवा शिरलीच म्हणून समजा.

हे काम दोघांनी करा. एकजण लिव्हरवर, एकजण निपलवर, आणि दोघांनी मोठ्याने बोलायचं. "दाबला." "सोडला निपल." "बंद." "सोड लिव्हर." मी ज्यांच्या गॅरेजला शिकलो ते मामा असंच करायचे, आणि समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. आजही माझ्याकडे हीच पद्धत आहे.

दुसरी गोष्ट, हवा वर जाते. खालच्या निपलमधून तुम्ही कितीही ऑइल काढा, सगळ्यात वरच्या बँजोमध्ये, मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, बुडबुडा बसून राहू शकतो. हँडल अशा बाजूला वळवा की मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच येईल. खाली भरपूर फडकं धरून तोच वरचा बँजो लिव्हर दाबून किंचित सैल करायचा, परत आवळायचा आणि मग लिव्हर सोडायचा. ऑइल टाकीवर किंवा फेअरिंगवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

आणि तिसरी, एबीएस युनिट. काम अर्धवट सोडलं, डबी कोरडी पडली आणि युनिटच्या आत हवा गेली, तर हाताने ती पूर्ण निघेलच असं नाही. आतले काही व्हॉल्व एरवी बंद असतात. डायग्नोस्टिक मशीन लावून पंप आणि व्हॉल्व चालवावे लागतात. म्हणून लाइन बदलताना जुनी काढली की लगेच नवी जोडा. युनिटची तोंडं उघडी टाकून चहाला जाऊ नका.

कमेंटमध्ये एकाने लिहिलंय, "रात्रभर लिव्हर दोरीने बांधून ठेवला की एअर आपोआप निघते." यात थोडं तथ्य आहे. बारीक बुडबुडे वर सरकून मास्टर सिलिंडरपाशी जमतात आणि सकाळी लिव्हर सोडला की डबीत निघून जातात. पण कॅलिपरच्या कोपऱ्यात किंवा एबीएस युनिटमध्ये अडकलेला मोठा बुडबुडा तसा निघत नाही. नीट ब्लीडिंग केल्यावर शेवटचा हात म्हणून बांधा, ब्लीडिंगच्या जागी नको.

ऑइल कुठलं? मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. हे दोन्ही ग्लायकॉलचे. पण डॉट ५, ज्याच्या पुढे पॉइंट वन नाही, ते सिलिकॉनचं असतं. ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नाही. नुसतं "पाच नंबर द्या" म्हणून दुकानातून आणू नका. ग्लायकॉलचं ऑइल हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात तर बोलायलाच नको. दोन वर्षांनी बदलाच. पाणी शोषलेलं ऑइल आंबेनळीसारख्या लांब उतारावर कॅलिपरमध्ये उकळलं की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. लिव्हर थेट मुठीला टेकतो.

आता रंगीत, घडीचे, सहा पोझिशनचे लिव्हर. यावर मला मनापासून राग आहे. स्वस्त लिव्हरचं मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला टेकणारं टोक कधीकधी केसभर लांब असतं. मग लिव्हर मोकळा असतानाही पिस्टन थोडा आत दाबलेला राहतो आणि ऑइल डबीत परत जायचं बारीक भोक झाकलं जातं. गाडी तापली, ऑइल फुगलं, जायला वाट नाही, की ब्रेक आपोआप धरायला लागतो. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचं पुढचं चाक वरंध घाटात असंच जाम होत गेलं. थांबून बघितलं तर डिस्कचा वास येत होता. मी लिव्हरचा पिव्होट बोल्ट काढला, लिव्हर हातात घेतला आणि चाक मोकळं फिरलं. जुना लिव्हर घरी पडून होता, तो बसवल्यावर पुन्हा तक्रार नाही. नवीन लिव्हर बसवला की तो पिस्टनला टेकण्याआधी किंचित मोकळी चाल आहे ना, हे बोटाने बघा. इतकंच करायचंय.

"मोठा रेडियल मास्टर सिलिंडर टाकू का, १९ चा?" नको. तो दोन डिस्कच्या मोठ्या गाड्यांसाठी असतो. पिस्टनचा व्यास समजा १३ मिलिमीटरवरून १९ केला तर क्षेत्रफळ दुपटीच्या वर जातं. तेवढाच दाब मिळवायला बोटांना दुपटीहून जास्त जोर लावावा लागेल. लिव्हर दगडासारखा लागतो, आणि लोकांना वाटतं ब्रेक कडक झाला.

क्लचचं थोडक्यात. आरसीला स्लिपर क्लच कंपनीतूनच येतो, वेगळा विकत घ्यायची गरज नाही. गिअर पटकन खाली टाकले की इंजिनाचा उलटा ओढा प्लेटांवरचा दाब थोडा कमी करतो, मागचं चाक उड्या मारत नाही. क्लच घसरतोय का ते बघायचं असेल तर टॉप गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर एकदम पिकअप द्या. आरपीएम चढतोय आणि वेग तसाच, तर घसरतोय. पण प्लेट मागवण्याआधी क्लच वायरची ढील बघा. वायर ताणलेली असेल तर चांगल्या प्लेटाही घसरतात. मग ऑइल बघा, डब्यावर जासो एमए२ लिहिलेलं पाहिजे, ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीची खूण आहे ती. कारचं ऑइल टाकू नका, त्यात घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात आणि आपला क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. प्लेटा बदलायच्याच असतील तर बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजत ठेवा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळतात. जादा कडक स्प्रिंग ट्रॅकवर ठीक आहेत, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हात दुखेल.

राहिलं पेट्रोल. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. एका लयीत, कमी थ्रॉटलवर गाडी चालली असताना ईसीयू त्याचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडला की सेन्सर बाजूला राहतो आणि गाडी आत लिहिलेल्या मॅपवर, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याच्या ठरलेल्या तक्त्यावर, चालते. मोकळा फिल्टर आणि मोकळा एक्झॉस्ट टाकला की हवा वाढते, मॅप जुनाच, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक किंवा तसं दुसरं पिगीबॅक युनिट, म्हणजे ईसीयूला जोडून पेट्रोलचा हिशोब बदलणारी डबी, लावतात ते यासाठी. सगळं मूळ असलेल्या गाडीला त्याची घाई नको.

आणि आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९च्या आसपास. म्हणजे २० टक्के इथेनॉलवर तीच गाडी फुल थ्रॉटलला आणखी लीन चालते. तीन-चार वर्षांपूर्वी कुणी डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या मशीनवर, मॅप करून दिला असेल तर तो त्या वेळच्या पेट्रोलचा आहे. पुन्हा करून घ्या, ट्यूनरला टाकीत काय आहे ते सांगा. त्याआधी फ्युएल फिल्टर, इंजेक्टर, प्लग आणि टाकीपासूनचे रबरी पाइप बघा. "शंभर ऑक्टेन टाकलं तर पॉवर वाढेल का?" मॅपमध्ये इग्निशन पुढे नेलेलं, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असं केलेलं, नसेल तर जास्त ऑक्टेनला करायला कामच नसतं.

कायद्याचं एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीबुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅट, म्हणजे सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर, काढून फिरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

पॅडवर वेगळा व्हिडिओ करतोय, सिंटर्ड की ऑरगॅनिक, आणि नवे पॅड डिस्कवर कसे बसवायचे. त्यासाठी प्रश्न टाकताना मॉडेलचं वर्ष, एबीएस आहे का, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, एवढं लिहा. लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर एअर कुठून काढली, खालून की वरूनही, तेसुद्धा लिहा.