जेट-स्कीचा कार्बोरेटर: बाटली ओतायची की खोलायचा?

मंडळी, मे संपत आला. चार दिवसांत आपला जेट-स्कीचा धंदा पावसाळ्यासाठी बंद होईल आणि गाड्या थेट ऑगस्ट सरेपर्यंत शेडमध्ये उभ्या राहतील. म्हणून आज हाच विषय घेतोय. दर सप्टेंबरला माझ्याकडे एकच तक्रार येते. गाडी सुरू होते, आयडलला बरी चालते, पण थ्रॉटल दाबला की गचके खाते आणि बसते. त्यापाठोपाठ हमखास ऐकायला मिळतं, "टाकीत दोन बाटल्या क्लीनर ओतला, काही फरक नाही."

फरक का पडत नाही ते कळायला आधी हा कार्बोरेटर बघू, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, आपला कार्ब. मोटरसायकलच्या कार्बला खाली वाटी असते आणि वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट तरंगतो. लाटांवर उड्या मारणाऱ्या, कधी पूर्ण उलटणाऱ्या गाडीत फ्लोटचा काय निभाव लागणार? म्हणून जुन्या टू-स्ट्रोक यामाहा, सी-डू, कावासाकीवर बहुतेक मिकुनीचे किंवा केहिनचे डायफ्राम कार्ब बसवलेले असतात. त्यात फ्लोटचं काम एक रबरी पडदा करतो. इंजिनाने पेट्रोल ओढलं की पडदा आत खेचला जातो, छोटी पट्टी दाबतो, नीडल, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, तिच्या बैठकीवरून (सीटवरून) उचलली जाते आणि पेट्रोल आत येतं. मिकुनीच्या कार्बमध्ये पंपही बहुधा कार्बच्या पोटातच असतो. क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतला दाब एका बारीक नळीतून येऊन पंपाचा पडदा हलवतो आणि पातळ फिल्मच्या झडपा उघडझाप करतात. म्हणजे या कार्बचा जीव रबरात आणि फिल्ममध्ये आहे. ते रबर कडक झालं की गाडीला पेट्रोल कमी पडायला लागतं.

आता बाटलीचं बोलू. मी बाटलीचा शत्रू नाही. चांगल्या क्लीनरमधलं डिटर्जंट कार्बच्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, भोकावर नुकताच बसू लागलेला चिकट थर हळूहळू धुतं. ताज्या पेट्रोलमध्ये आधीच घातलेलं स्टॅबिलायझर पेट्रोलचं राळेसारखं होणं लांबवतं. ही दोन कामं बाटली खरोखर करते. पण कडक झालेला पडदा ती मऊ करणार नाही, खाच पडलेली नीडल भरून काढणार नाही, वाकडी झालेली झडप सरळ करणार नाही. इंधनात पाणी उतरलं असेल तर ते पेलाभर औषधाने नाहीसं होत नाही. उलट कधी कधी नुकसानच होतं. टाकीत आणि पाइपात वर्षानुवर्षं चिकटून बसलेला गाळ क्लीनर सोडवतो आणि तो थेट कार्बच्या आतल्या जाळीवर जाऊन बसतो. ही जाळी बोटाच्या पेरापेक्षा लहान असते, पंपाच्या बाजूचं झाकण काढल्याशिवाय दिसतही नाही. नव्वदच्या दशकातली सी-डू ज्यांनी उघडली असेल त्यांना राखाडी पाइपातून निघणारा तो हिरवट चिकटा आठवत असेल. तो जाळीवर बसलेला असताना वरून कितीही औषध ओता, आधी पाइप बदलावे लागतात.

पेट्रोल कमी पडण्याला मी एवढा का घाबरतो, ते ऐका. आपल्या सुपरजेटसारख्या प्रीमिक्स गाड्यांत इंजिनाला वंगण देणारं तेल पेट्रोलबरोबरच जातं, 50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. मिश्रण पातळ झालं की ज्वलन जास्त तापतं, पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि जाम होतो. त्याआधी गाडी काही वेळा भन्नाट पळते, म्हणून चालवणाऱ्याला संशय येत नाही. आणि या गाडीला सुकाणू नाही. मागून निघणारा पाण्याचा झोत हीच तिची दिशा. इंजिन बंद पडलं की हँडल कितीही वळवा, गाडी आहे त्याच दिशेने घसरत जाते. मागे पाहुणा बसलेला असतो, पुढे खडक किंवा बोट असते. मला या विषयावर तळमळीने बोलावंसं वाटतं ते यासाठीच.

त्यात आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग लागतात, ई20 ला साधारण 13.5. म्हणजे जेटचं माप जुनंच ठेवलं तर तीच गाडी आधीच थोडी पातळ चालते. कार्बवरचे लो आणि हाय स्क्रू, म्हणजे कमी आणि जास्त वेगाला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे, तपासून घ्या. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळी हवेत टाकी अर्धी रिकामी उभी राहिली आणि पुरेसं पाणी ओढलं गेलं, तर इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाला वेगळा बसतो. तुमचं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि पाइप तळातून ओढतो. म्हणून सप्टेंबरात गाडी सुरू करण्याआधी तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. मध्ये रेघ दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करायची. त्यावर दुसरा उपाय नाही.

कार्ब मात्र उगाच उघडू नका. आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बघा. एकात बरंच कमी आलं तर दुखणं कार्बमध्ये नाही. मग पाइप, पंपाकडची ती बारीक नळी, तिच्या क्लिप. आणि एक सोपी खूण. गाडी बसते तेव्हा चोक किंचित ओढा. ती सावरली तर पेट्रोल कमी पडतंय, आणि तेव्हाच कार्ब खोलायचा.

खोलल्यावर अर्धवट काम करू नका. पडदे, झडपा, गॅस्केट, नीडल आणि सीट, सगळं एकदम बदला. कंपनीचं किट घ्या. स्वस्तातल्या डुप्लिकेट किटचे पडदे मी हातात धरून पाहिलेत. नवेच इतके ताठ असतात की प्लास्टिकची पट्टी वाटावी. रबर काढल्याशिवाय कार्बवर स्प्रे मारू नका. जोडण्यापूर्वी नीडल थोडी ओली करून हातपंपाने दाब द्या. तुमच्या मॉडेलला जो दाब लिहिला असेल तिथेच ती सुटली पाहिजे, त्याआधी गळता कामा नये. एका गाडीत दोन कार्ब असतील तर दोन्ही उघडा. मी एकदा घाईत एकच केला होता. आठवड्याने दुसऱ्याच सिलिंडरचा पिस्टन गेला. मालकाचे पैसे आणि हंगाम दोन्ही गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बाटलीची खरी वेळ आत्ता आहे. पेट्रोल ठेवायचंच असेल तर ताजं भरा, टाकी वरपर्यंत, आणि स्टॅबिलायझर घालून इंजिन पाच-सात मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्बपर्यंत पोचेल. आधी इंजिन सुरू, मग इंजिन थंड ठेवायला जोडलेला पाण्याचा नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. हा क्रम उलटा झाला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. ज्यांना जमेल त्यांनी टाकी रिकामीच ठेवावी, आपल्या दमट हवेत मला तेच बरं वाटतं.

हा टेबलावरचा कार्ब आता मागच्या रांगेपर्यंत फिरवतो. पडदा उजेडासमोर धरा आणि कडेला हलकेच दुमडून बघा, किती कडक झालाय ते कळेल. नीडलच्या टोकावर नख फिरवा. नख जिथे अडकतं तीच खाच. ही नीडल तीन बाटल्या क्लीनर पिऊन माझ्याकडे आली होती.