पूल कुठे उतरतो?

(पडदा काळा. फाटकाची घंटा. मग लांबून जवळ येणारा लोकलचा आवाज.)

विक्रोळीत वाढलेल्या माणसाला ही घंटा झोपेतही ओळखता येते. घंटा वाजली की फाटक पडायचं. सायकली, रिक्षा, शाळेची पोरं, भाजीच्या टोपल्या, सगळं जागच्या जागी थांबायचं. एक लोकल जायची. फाटक वर जाईल असं वाटेपर्यंत दुसरीकडून फास्ट यायची. पायी असलेली माणसं दांड्याखालून वाकून निघून जायची. आईने माझा हात कधी सोडला नाही, आणि दांड्याखालून कधी नेलंही नाही.

आम्ही कन्नमवारनगरात राहायचो, म्हणजे पूर्वेला. मावशी पश्चिमेला, पार्कसाईटला. तिची टेकडी आमच्या गॅलरीतून दिसायची. पुढे फाटक बंद झालं. मग रिक्षाने मावशीकडे जायचं तर घाटकोपरला वळसा, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. समोर दिसणाऱ्या टेकडीवर जायला कधी अर्धा तास, कधी पाऊण तास. रिक्षात बसलं की आई दर वेळी तेच विचारायची, इथे एक पूल का बांधत नाहीत?

हा प्रश्न मी पुढे बरीच वर्षं घेऊन फिरले. आता कॅमेरा घेऊन फिरते आहे.

(दृश्य: उंचावरून विक्रोळी. मधोमध रूळ. एका हाताला लालबहादूर शास्त्री मार्ग, दुसऱ्या हाताला द्रुतगती महामार्ग.)

नकाशा वरून पाहिला की मुंबईची सगळी ओढ उत्तर-दक्षिण दिसते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, ३४ किलोमीटर. तेव्हा या वाटेवर गावं होती, भातशेती होती, खाडीच्या अंगाला मिठागरं होती. रुळांनी कोणाची गल्ली तोडली नाही, कारण गल्ल्याच फारशा नव्हत्या. वस्ती नंतर आली, आणि रूळ जसे पडले होते तशी त्यांच्या दोन अंगांना वाढत गेली. पश्चिमेला जुना आग्रा रोड होता, तो आजचा शास्त्री मार्ग. पूर्वेला पुढे महामार्ग झाला. दोन्ही रस्ते रुळांच्या जोडीने धावतात. अडचण आहे ती एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाण्याची.

फाटकाच्या जागी पूल हवा की नको, हे ठरवायला रेल्वेचा एक साधा हिशेब आहे. चोवीस तासांत फाटकावरून जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येला, त्याच वेळात रूळ ओलांडणाऱ्या वाहनांच्या संख्येने गुणायचं. याला ट्रेन व्हेईकल युनिट म्हणतात. आकडा एक लाखाच्या वर गेला की ते फाटक पुलासाठी पात्र ठरतं. दिवसाला ५०० गाड्या आणि २०० वाहनं, एवढ्यानेच लाख भरतो. मुंबईत ही अट म्हणजे काहीच नाही.

पूल हवा, हे असं चटकन ठरतं. तो नेमका कुठे, या प्रश्नाशी सगळे अडतात.

पहिलं उत्तर कोणालाही सुचेल: फाटक होतं तिथेच. रस्ता दोन्ही बाजूंनी तिथवर आलेलाच आहे. पण फाटक सपाट असतं आणि पुलाला चढावं लागतं. सगळा गुंता या चढाच्या पोटात आहे.

(दृश्य: रुळांजवळ उभा अभियंता, हातात टेप. कॅमेरा रुळापासून वर ओव्हरहेड वायरकडे.)

उंची मोजायची ती रुळाच्या माथ्यापासून. वर २५ हजार व्होल्टची तार आहे. मुंबईच्या लोकल पूर्वी १,५०० व्होल्टवर धावायच्या, तेव्हा पूल थोडा खाली असला तरी निभायचं. वीजदाब बदलला आणि तारेभोवती जास्त मोकळी जागा लागू लागली. आता रुळापासून पुलाच्या पोटापर्यंत साडेसहा मीटर तरी सोडावेच लागतात, कुठे कुठे त्याहून जास्त. त्यावर तुळई आणि स्लॅब मिळून आणखी दीड-दोन मीटर. म्हणजे गाडी जिथून जाणार तो रस्ता रुळापासून आठ मीटरच्या वर. अडीच मजले धरा.

आता तिथवर चढायचं कसं? बस, मालाचा ट्रक आणि हातगाडी ओढणारा माणूस, तिघांनाही झेपेल असा चढ म्हणजे ३० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. आठ मीटर चढायला २४० मीटर. उतरायला तेवढेच.

२४० मीटर म्हणजे बारा डब्यांची आख्खी लोकल. तशी एक लोकल रुळांच्या पूर्वेला आडवी उभी करा, दुसरी पश्चिमेला. या दोन लोकल जिथे मावतील तिथे पूल होतो. रूळ ओलांडणारा भाग त्यापुढे अगदीच लहान. विक्रोळीला शेवटी पूल झाला, १४ जून २०२५ पासून त्यावर वाहनं धावू लागली. त्याची लांबी ६१५ मीटर, आणि त्यातला रुळांवरचा भाग जेमतेम ५० मीटरचा. बाकी सगळा पोहोच रस्ता, म्हणजे चढ आणि उतार.

म्हणून पुलाची जागा रुळांकडे पाहून ठरवता येत नाही. तो उतरतो कुठे, ते आधी बघावं लागतं. २४० मीटरच्या त्या पट्ट्यात कोणाचं दुकान आहे, कोणाच्या इमारतीचं फाटक आहे, कोणाची पहिल्या मजल्यावरची खिडकी आहे? पूल उभा राहिला की त्या खिडकीसमोर भिंत येणार. रस्त्याखाली काय आहे? जलवाहिनी, मलवाहिनी, गॅस, विजेच्या केबल. खांबाचा पाया खणायचा तर त्या आधी हलवाव्या लागतात, आणि त्या हलवताना निम्म्या वॉर्डाचं पाणी बंद ठेवावं लागतं. उतार संपतो तिथून चौक किती लांब? जवळ असला तर सिग्नलची रांग थेट पुलावर चढते, आणि फाटकाशी उभं राहायचो तसे आपण आता आठ मीटर उंचीवर उभे.

विचारात न येणारी आणखी एक जागा लागते. तुळई जोडायची कुठे? ती कारखान्यातून सुट्या भागांत येते, रुळांच्या कडेला जोडली जाते आणि मग ढकलून किंवा क्रेनने उचलून रुळांवर नेली जाते. क्रेनला उभं राहायला भक्कम, मोकळी जमीन हवी. मुंबईत ती शोधायची म्हणजे गर्दीच्या डब्यात बसायला जागा शोधण्यासारखं आहे. त्यात काम कधी, तर रेल्वे ब्लॉक देईल तेव्हा, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवून ठेवेल तेव्हा. रात्रीचे तीन-चार तास. मोठं काम असेल तर शनिवार-रविवारचा मेगाब्लॉक.

(दृश्य: अंधेरी. गोखले पूल. पावसाळी सकाळ.)

अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ ला सकाळी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. माणसं दगावली. त्यानंतर रेल्वे आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून शहरातल्या ४४५ पुलांची तपासणी हाती घेतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले पूल वाहनांसाठीही बंद झाला.

नवा पूल बांधायचा तर जागेचा प्रश्नच नव्हता, जुन्याच जागी. पण उंचीचे नियम बदलले होते, त्यामुळे नवा पूल जुन्यापेक्षा उंच झाला. पश्चिमेला त्याला लागून बर्फीवाला पूल होता, जुहूकडून येणारा. तो होता तिथेच राहिला. २६ फेब्रुवारी २०२४ ला गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा लोकांनी पाहिलं, की दोन पूल समोरासमोर आहेत आणि मध्ये पायरी आहे. माणसाच्या उंचीएवढी पायरी.

हा प्रसंग हसण्यावारी गेला, त्याची चित्रं फोनमधून फिरली. मला त्यात हसू आलं नाही. दोन पुलांची आखणी एकाच टेबलावर झाली नाही की काय होतं, ते तिथे सिमेंटमध्ये उभं होतं. रुळांवरचा भाग रेल्वेच्या नियमांनी वर गेला आणि उताराचा विचार त्याच्या मागून आला. शेवटी जॅक लावून बर्फीवाला पूलच उचलावा लागला, एका बाजूने १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने ६५०. ज्यांनी हे केलं त्यांच्या कसबाला मनापासून दाद द्यावी असं ते काम आहे. जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जुळले. गोखले पूल पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडला.

मधल्या काळात लोकांनी काय केलं? अंधेरी सबवे वापरला. आणि पावसाळ्यात अंधेरी सबवे म्हणजे काय, ते अंधेरीकरांना सांगायला नको. रुळांवरून जमत नसेल तर खालून जा, असं मुंबईबाहेरचा माणूस पटकन म्हणतो. इथे खाली पाणी आहे. मोगरा नाला बाजूलाच, जमीन सखल, त्यात भरतीची वेळ गाठून मोठी सर आली की तासाभरात सबवे बंद. सांताक्रूझच्या मिलन सबवेचीही हीच रड होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हापासून या शहराला सखल रस्त्याची धास्तीच बसली आहे. मिलनला मग २०१३ मध्ये रुळांवरून पूल आला.

(दृश्य: दक्षिण मुंबई. अरुंद रस्ता, कठड्याला टेकलेल्या इमारती.)

जुन्या शहरात निवड करायला जागाच उरलेली नाही. कर्नाक पूल १८६८ चा, हँकॉक १८७९ चा, शीवचा १९१२ चा, एल्फिन्स्टनचा १९१३ चा. तेव्हा पुलाच्या कडेला मोकळं होतं. आज कठड्यावरून हात लांब केला तर कोणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांना लागेल. नवा पूल शेजारी बांधा आणि मग जुना पाडा, ही सोय इथे नाही. आधी पाडायचं, मग त्याच जागी बांधायचं. मधली वर्षं लोकांनी काढायची.

हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला. डोंगरी आणि माझगावला जोडणारा तो पूल. नवा सुरू झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. साडेसहा वर्षं! पहिलीत गेलेलं पोर सातवीत पोचलं. पलीकडची शाळा, पलीकडचा बाजार, पलीकडचा दवाखाना. लोक रुळांवरून चालू लागले. जीव गेले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यातली कितीतरी रूळ ओलांडताना. पुलाची जागा ठरवणाऱ्याने, तो नसताना माणसं कुठून चालतील, हेही कागदावर काढलं पाहिजे.

परळ भागात तर एका पुलाचा भार दुसऱ्यावर पडतो. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ ते २०२३ बंद होता. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टन पूल बंद झाला, तिथे आता शिवडी-वरळी जोडरस्त्याला सामावून घेणारा दुमजली पूल येणार. गाड्या वळल्या करी रोडला आणि दादरच्या टिळक पुलाकडे. टिळक पूल स्वतः १९२५ चा. एल्फिन्स्टनच्या कडेच्या रहिवाशांनी आपल्या घरांचं काय, असं विचारून काही महिने काम थांबवून धरलं होतं. त्यांना विकासाच्या आड येणारे म्हणणं मला पटत नाही. त्या नकाशावर पुलाचा उतार एका निळ्या रेषेने दाखवला होता, आणि त्या रेषेवर ते राहत होते.

(दृश्य: विद्याविहार. संध्याकाळ. रुळांवर प्रचंड पोलादी तुळया.)

विक्रोळीहून दोन स्टेशनं अलीकडे विद्याविहार. इथे आधीच्या आराखड्यात रुळांच्या मध्ये खांब होते. रेल्वेच्या तांत्रिक संस्थेने रुळांमध्ये खांब नको म्हटलं, आणि ते योग्यच होतं, उद्या मार्गिका वाढवायच्या तर खांब आडवा येतो. पण मधला आधार गेला की एकच तुळई सगळे रूळ ओलांडणार. जवळपास १०० मीटर लांब, सुमारे ११०० टन वजनाची. अशा दोन. २०२३ मध्ये दोन्ही बसल्या. त्या दिवशी लोक फलाटावरून फोन वर करून चित्रण करत होते.

कठीण वाटणारं काम झालं होतं. राहिले होते दोन्ही बाजूंचे उतार. त्यांच्या वाटेत रेल्वेची बांधकामं होती, तिकीटघर होतं, माणसांची घरं होती. २०२५ मध्येही पूल सुरू झालेला नव्हता.

आईला मी तिथे घेऊन गेले होते. आता तिला जिना चढवत नाही, म्हणून आम्ही फलाटाच्या टोकाला उभ्या राहिलो. तिने वर पाहिलं, मग पूर्वेकडे, मग पश्चिमेकडे. तुळईच्या दोन्ही टोकांना हवाच होती.

"अगं, पण यावर चढायचं कुठून?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं. तिथे एक टपरी होती, तिच्यामागे पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत नुकताच उभा राहत असलेला एक खांब. त्याच्या डोक्यावरच्या सळया अजून उघड्या होत्या. कल्याण लोकल आली, तुळईखालून निघून गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत आई त्या खांबाकडेच बघत होती.