१५ रुपयांचं लायसन

(पत्र्याची ट्रंक उघडताना. म्हाताऱ्या बाईचे हात. निवेदन पाच सेकंदांनी सुरू.)

बेळगाव. वडगावातलं एका विणकराचं घर. ट्रंकेत वर इरकली लुगडी, त्याखाली कापडी पिशवी. पिशवीत घरपट्टीच्या पावत्या, जुनी रेशनकार्डं, जमिनीचा उतारा. आणि त्यांच्या मधोमध हे तळहाताएवढं पुस्तक.

रेडिओचं लायसन.

पानं सावकाश उलटतायत, बघा. प्रत्येक वर्षाला पोस्टाचा एक गोल शिक्का. काही पुसट, काही इतके दाबून मारलेले की मागच्या बाजूला उमटलेत. वर घरधन्याचं नाव, पत्ता, रेडिओची कंपनी, रेडिओचा नंबर. वर्षाचं शुल्क १५ रुपये.

घरात रेडिओ ठेवायला एकेकाळी सरकारचा परवाना लागायचा, हे आज विशीतल्या पोराला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. पण १८८५ चा तारायंत्र कायदा होता, त्याखाली हे लायसन होतं, आणि ते देण्याचं काम पोस्टाकडे होतं. रेडिओ घेतला की दुकानाची पावती घेऊन पोस्टात जायचं. अर्ज लिहायचा, खिडकीत पैसे भरायचे, पुस्तक घ्यायचं. पुढच्या वर्षी तेच पुस्तक घेऊन पुन्हा त्याच खिडकीसमोर उभं राहायचं. उशीर झाला तर जादा पैसे. घर बदललं तर पत्त्याची नोंद बदलायची. तपासनीस गल्लीच्या तोंडाशी आला की त्याची वर्दी शेवटच्या घरात त्याच्याआधी पोचायची. ज्यांनी लायसन काढलेलं नसे, त्यांच्या रेडिओवर वाकळ पडायची.

"आमच्यात कधी वाकळ टाकावी लागली नाही बघा," आजी म्हणतात. "मामंजी सगळं सोडतील, पण पोस्टाची तारीख सोडायचे नाहीत."

(शहापुरातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सोल्डरिंगचा धूर.)

हा रेडिओ मर्फी कंपनीचा. लाकडी पेटी, समोर ताणून बसवलेलं कापड, त्याखाली काचेची पट्टी. बटण फिरवलं तरी लगेच आवाज येत नाही. आतले व्हॉल्व्ह तापावे लागतात. आम्ही कॅमेरा तसाच चालू ठेवलाय, तुम्हीही थांबा.

...आधी काचेच्या पट्टीमागे पिवळा उजेड. मग नुसती घरघर. मग माणसाचा आवाज.

या पट्टीवर बेळगावच्या मराठी माणसाचा हात कुठे फिरायचा, ते मेकॅनिककाका डोळे मिटून दाखवतात. धारवाड केंद्र १९५० सालचं, हाकेच्या अंतरावरचं, पण कानडी. काटा पुढे सरकवला की सांगली. सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं, आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत घरोघरी मराठी बातम्या, शेतीचे भाव, भजनं ऐकू यायला लागली. फर्माइशीची पोस्टकार्डं इथून सांगलीला जायची. आपल्या गावाचं नाव रेडिओवर वाचलं गेलं की त्या दिवशी गल्लीत दुसरा विषय नसायचा.

आणि या सगळ्याचा खर्च निघायला त्या १५ रुपयांचा हातभार होता. आपल्याकडे नभोवाणीचा जन्मच लायसनच्या पैशावर झाला. १९२७ च्या जुलैत मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा लायसन १० रुपये होतं आणि त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला मिळायचा. सगळ्या देशात लायसनं दहा हजारही निघाली नाहीत. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि नभोवाणी सरकारने आपल्या हातात घेतली.

(येळ्ळूरचा राजहंसगड. खाली भाताची शिवारं, लांबवर शहर.)

गडावरून बेळगाव असं दिसतं. खाली दिसणाऱ्या घरांनी पाया न हलवता तीन राज्यं पाहिली. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्य, मग म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक. पोस्टाच्या खिडकीला मात्र त्याने काही फरक पडला नाही. लायसन केंद्राचं होतं. १५ रुपये पुण्याच्या माणसाने भरले काय नि वडगावच्या माणसाने भरले काय, शिक्का तोच.

मग टीव्ही आला. त्याचंही लायसन होतं, ५० रुपयांचं. बांबूला बांधलेला अँटेना, गच्चीवर तो फिरवणारा एक भाऊ आणि खाली "आलं, आलं, थांब!" म्हणून ओरडणारा दुसरा. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या, १९८२ मध्ये रंग आला, टीव्ही भराभर वाढले. जाहिरातीतून पैसा यायला लागला आणि घरोघरची वसुली नकोशी झाली. १९८४-८५ च्या सुमारास रेडिओ आणि टीव्ही, दोन्हींची लायसनं गेली.

आजींच्या पुस्तकातले शिक्के तिथेच संपतात. पुढची पानं कोरी.

(कौलारू घरांवरच्या डिशच्या छत्र्या, एकामागोमाग एक. केबलवाल्याला फोनवरून पैसे देणारी सून.)

टीव्ही फुकट झाला असं तेव्हा वाटलं. पण ही छपरं बघा. २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नुसत्या जोडणीचे महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये ठरवले, वर जीएसटी, वर प्रत्येक चॅनेलचे वेगळे. म्हणजे घर आजही भरतंच आहे, पूर्वी वर्षाला भरत होतं त्याहून जास्त दर महिन्याला. फक्त सार्वजनिक दूरदर्शनसाठी वेगळं काही भरत नाही. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे, तिला महिन्याचे पैसे नाहीत. दूरदर्शन चालतं ते मुख्यतः केंद्राच्या अंदाजपत्रकातून मिळणाऱ्या पैशावर. २०२३ च्या जानेवारीत आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या यंत्रसामग्रीसाठी २,५३९.६१ कोटी मंजूर झाले, तेही सरकारकडूनच.

ब्रिटनमध्ये लायसन अजून आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते घरामागे वर्षाला १७४.५० पौंड झालं. त्यावर बीबीसी चालते, आणि हे पैसे द्यावेत की नाही यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. जर्मनीत २०१३ पासून टीव्ही असो-नसो, घरामागे ठरलेली रक्कम. २०२१ मध्ये ती महिन्याला १८.३६ युरो झाली. फ्रान्सने २०२२ मध्ये लायसन रद्द केलं.

आपण पुन्हा सुरू करावं का?

आम्ही म्हणतो, करावं. वर्षाला थोडीशी रक्कम, घरामागे, आणि तिची पावती घराच्या नावावर. कुणी म्हणेल, कर भरतोच की आम्ही. भरतो. पण कर रस्त्याचाही असतो आणि रणगाड्याचाही. त्यातलं दूरदर्शनला किती गेलं ते भरणाऱ्याला ठाऊक नाही, आणि भरणारा दूरदर्शनला ठाऊक नाही. ज्याच्या हातात पावती आहे तो खिडकीवर जाऊन विचारू शकतो, माझ्या पैशात माझ्या भाषेतलं काय दिलंत?

सीमाभागाला पावतीचं मोल शिकवावं लागत नाही. मराठीतून कागदपत्रं मिळावीत म्हणून इथल्या माणसांनी मोर्चे काढलेत. शेजारच्या कानडी माणसाशी त्यांचं भांडण नाही, त्यांना स्वतःचं मागायचं आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी संस्था म्हणजे प्रसार भारती, तिच्या १९९० च्या कायद्याच्या बाराव्या कलमात लिहिलेलं आहे की निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतीला आणि भाषांना पुरेसं स्थान द्यायचं. कायदा १९९७ मध्ये अमलात आला. बेळगावच्या मराठी घराच्या वाट्याला त्या 'पुरेशा'तलं किती आलं, हे विचारायला आज त्याच्या हातात काही नाही.

गरिबाला सूट हवी, आणि न भरणाऱ्याला ब्रिटनसारखं कोर्टात उभं करू नये.

(संध्याकाळ. तेच घर. पाऊस. टीव्ही लागलेला.)

सात वाजलेत. सह्याद्रीवर बातम्या लागल्यात. मंत्रालय, पुणे, विदर्भातला कापूस. मग हवामान. पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा येतो: कोकण, मराठवाडा, कोल्हापूर. कोल्हापूरच्या खाली रंग थांबतो.

आवाज थोडा वाढवलाय, कारण वडगावच्या कौलांवर पाऊस जोरात आहे. आजी पुस्तक पिशवीत घालतात, घरपट्टी आणि रेशनकार्डाच्या मध्ये, पूर्वी होतं तिथेच. पिशवीची नाडी ओढतात.

(ट्रंकेचं झाकण. पावसाचा आवाज तसाच राहू द्यावा.)