रूळ उचलू नका, जमीन खाली सोडा : मॉडेल रेल्वेसाठी डोंगर आणि पूल

नमस्कार. फोंड्यातल्या माझ्या घरी आठ फूट बाय चार फुटांच्या टेबलावर हे लेआउट (मॉडेल रेल्वेचा रूळ आणि देखाव्यासह मांडलेला पट) उभे राहत आहे आणि त्याचा विषय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : गोवा-कर्नाटक सीमेवरचा कुळे ते कॅसलरॉक हा रेल्वेचा घाट, दूधसागरचा धबधबा आणि त्याच्यासमोरून जाणारा दगडी कमानींचा पूल. आजच्या भागात डोंगर कसा उभारायचा आणि त्यात पूल कसा बसवायचा, एवढेच मी सांगणार आहे. रूळ, वायरिंग आणि इंजिने यांविषयी आज बोलणार नाही.

सुरुवात मी एका हिशोबाने करतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. १८८० च्या दशकात, पोर्तुगीज काळात, मुरगाव बंदराला ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वेशी जोडण्यासाठी हा मार्ग मीटरगेजवर बांधला गेला आणि १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. घाटातला चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. जड गाड्यांना येथे मागून जोर लावण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात, ती याच चढामुळे. आता हाच चढ टेबलावर घ्या. रूळ दहा सेंटिमीटर उंच न्यायचा असेल तर ३७० सेंटिमीटर लांबी लागते आणि तेवढीच पुन्हा खाली उतरायला लागते, म्हणजे एकूण ७४० सेंटिमीटर झाले. आठ बाय चारच्या टेबलावर ५५ सेंटिमीटर त्रिज्येची वळणे घेऊन पूर्ण फेरा घातला, तरी तो सहा मीटरपेक्षा थोडा कमीच भरतो. त्यातच वळणावर चाकांचे घर्षण वाढते, त्यामुळे इंजिनाला तोच चढ प्रत्यक्षात अधिक तीव्र वाटतो.

यावर उपाय एकच आहे आणि मला तो घाटाचे लेआउट करणाऱ्या प्रत्येकाला मनापासून सांगावासा वाटतो. रूळ वर उचलू नका, जमीन खाली सोडा. टेबलावर प्लायवुडचा अखंड पत्रा ठोकण्याऐवजी लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करा, रुळांखाली फक्त रुळांच्या रुंदीची प्लायवुडची पट्टी ठेवा आणि जिथे पूल हवा आहे तिथे दरी चौकटीच्या खाली पंचवीस-तीस सेंटिमीटर उतरू द्या. रूळ सपाट राहतो, इंजिन धापा टाकत नाही, आणि पाहणाऱ्याला मात्र गाडी उंचावरून जाताना दिसते.

दरी कुठे सोडायची, हे पाण्याला विचारावे. पूल ही शोभेची वस्तू नाही. जिथे ओहोळ, नदी किंवा दरी आडवी येते तिथेच अभियंता पूल बांधतो, कारण पुलापेक्षा मातीचा भराव त्याला स्वस्त पडतो. म्हणून मी प्लायवुडच्या पट्टीशिवाय दुसरे काहीही लावण्यापूर्वी निळ्या सुतळीने पाण्याचा मार्ग आखतो. सुतळी मागच्या डोंगरावरून निघते, दोन उपओहोळ तिला येऊन मिळतात, ती रुळाखालून जाते आणि टेबलाच्या पुढच्या कडेला संपते. दोन ओहोळांच्या मध्ये उरते ती डोंगराची सोंड. रूळ सोंडेला भिडतो तिथे खोदकाम किंवा बोगदा येतो, ओहोळाला भिडतो तिथे मोरी किंवा पूल येतो. एवढा नियम पाळला, तर डोंगर रेल्वेच्या आधीपासून तिथे होता असे वाटते. तो पाळला नाही, तर सपाट जमिनीवर ठेवलेली टोपी दिसते.

डोंगराचा सांगाडा करण्याची रीत गोव्यात कोणाला नव्याने शिकवावी लागत नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीसाठी ज्यांनी नरकासुर बांधला आहे, त्यांना सांगाडा, त्यावर भरण आणि त्यावर खळ लावलेले कागद हा क्रम हातवळणी आहे. येथे सांगाड्यासाठी पुठ्ठ्याच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या उभ्या-आडव्या विणून चौकटीला चिकटवायच्या, त्यांची जाळी दाबून किंवा फुगवून उताराला आकार द्यायचा, त्यावर ओले वर्तमानपत्र पसरायचे आणि मग सुती जाळीदार कापडाचे तुकडे पातळ प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून दोन थर चढवायचे. थर्माकोलचे थर रचून ते कापूनही डोंगर होतो आणि तो वजनाला हलका असतो, पण त्यासाठी पाण्यात मिसळणारा गोंद आणि पाण्यात मिसळणारे रंगच वापरावेत. द्रावकयुक्त रबरी गोंद आणि बहुतेक स्प्रे रंग थर्माकोल विरघळवून टाकतात.

आपल्या हवेविषयी एक सूचना आवश्यक आहे. मी पहिला डोंगर जुलै महिन्यात केला होता. प्लास्टर वरून कडक झाले म्हणून मी लगेच रंग दिला, पण आतला पुठ्ठा ओलाच होता आणि पंधरा दिवसांत त्यावर बुरशी आली. तो संपूर्ण उतार मला काढून टाकावा लागला. तेव्हापासून पावसाळ्यात मी पुठ्ठ्याला आधी दोन्ही बाजूंनी वॉर्निश देतो, प्लास्टरला पंख्याखाली किमान आठवडाभर वाळू देतो आणि सांगाड्याची मागची बाजू हवा खेळण्यासाठी उघडी ठेवतो.

आता खडक. येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक लेआउटवर येथेच चूक होते. महाराष्ट्रातला सह्याद्री बसाल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचल्यामुळे त्याला आडव्या पायऱ्या आणि सरळ कडे आहेत, आणि सह्याद्री म्हटले की तेच चित्र डोळ्यांसमोर येते. दूधसागरच्या परिसरातला खडक मात्र ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार कठीण खडक) जातीचा, त्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी पुरातन आहे. त्याला आडव्या पायऱ्या नसतात. तो गोलसर खांद्यांनी उतरतो, त्यात तिरप्या भेगा असतात आणि पाण्याने घासलेला त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. खाली पठाराकडे आले की तिसराच दगड भेटतो, तो म्हणजे आपला जांभा, ज्याचे चिरे घराघराच्या भिंतीत आहेत. म्हणून घाटाच्या भागासाठी मी ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून, मग अर्धवट सपाट करून तिच्यात प्लास्टर ओततो आणि ते अर्धे घट्ट झाले की उतारावर दाबून बसवतो. तीक्ष्ण कंगोरे ओल्या स्पंजने घासून गोल करतो. कुळ्याच्या बाजूच्या खोदकामात जांभा दाखवायचा असेल, तर ओलसर प्लास्टरवर जुन्या टूथब्रशने टोचे मारावेत, म्हणजे जांभ्याची छिद्रे उमटतात.

रंग देताना आधी पाण्यासारख्या पातळ काळ्या आणि गडद तपकिरी रंगाचा ओघळ सोडावा. तो भेगांत उतरतो आणि उंचवटे आपोआप उजळ राहतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी-पांढरा रंग फक्त टोकांवर फिरवावा. पावसाळ्याचा देखावा असेल तर हा शेवटचा हात अगदी हलका असावा, कारण भिजलेला खडक काळाच दिसतो.

पुलाकडे वळू. मी १:८७ या प्रमाणात काम करतो. कमानींच्या दोन्ही दर्शनी भिंती तीन मिलिमीटरच्या एमडीएफमधून (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीतून) एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी कापाव्यात, म्हणजे कमानी तंतोतंत समोरासमोर येतात. कमानीचा आतला भाग पातळ पुठ्ठा वाकवून करता येतो. दर्शनी बाजूला पातळ सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) चिकटवून, शाई संपलेल्या बॉलपेनने त्यावर दगडांच्या ओळी दाबून काढाव्यात. तीस सेंटिमीटर उंचीचा खरा दगड या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरचा होतो, हे माप सोडू नये. दगड मोठे काढले की पूल लहान दिसू लागतो. कमानीचे दगड पाचरीसारखे, एका केंद्राकडे रोखलेले आणि संख्येने विषम असावेत, म्हणजे माथ्यावर एक मधला दगड बसतो. खांब वर निमुळते आणि तळाशी रुंद असावेत.

पूल वळणावर असेल तर अधिक जपावे लागते. दगडी पुलाचे खांब वळणाच्या केंद्राकडे तोंड करून उभे असतात, त्यामुळे वरून पाहिल्यास प्रत्येक खांब किंचित पाचरीच्या आकाराचा दिसतो. लोखंडी गर्डर मात्र वाकवायचा नाही. छोटे सरळ गर्डर प्रत्येक खांबावर कोन साधून जोडायचे आणि वळण फक्त रुळाने घ्यायचे. कठड्यातील अंतराचाही हिशोब करावा. आपला जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचा) सुमारे २१ मीटर लांब आहे आणि त्याच्या दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) केंद्रांमध्ये सुमारे १५ मीटर अंतर आहे. ५५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर या डब्याचा मध्यभाग आत आणि टोके बाहेर साडेसहा ते सात मिलिमीटर झुकतात. डब्याची अर्धी रुंदी साडेअठरा मिलिमीटर धरली, तर रुळाच्या मध्यरेषेपासून कठडा दोन्ही बाजूंना किमान २८ मिलिमीटर दूर हवा. कागदावरच्या हिशोबानंतरही सर्वांत लांब डबा हाताने ढकलून पाहिल्याशिवाय कठडा कायमचा चिकटवू नये.

एक सोय सांगतो. पुलाच्या जागीसुद्धा रूळ आधी अखंड प्लायवुडच्या पट्टीवरच टाकावा, गाड्या काही दिवस चालवून पाहाव्यात, आणि नंतर पट्टीचा तेवढा तुकडा कापून त्या जागी पूल सरकवावा. रुळाची ओळ त्यामुळे बिघडत नाही.

बोगद्याला मागून हात जाईल एवढी उघडी खिडकी ठेवावी आणि तोंडापासून आत एखाद्या डब्याच्या लांबीइतक्या खडकाच्या भिंती कराव्यात. त्याहून आतला भाग फक्त काळा रंगवला तरी पुरतो.

जमिनीसाठी बाजारातली माती आणण्याची गरज नाही, आपली तांबडी माती चाळून, भाजून वापरता येते. मात्र गोव्याच्या मातीत लोह आहे. चाळलेल्या मातीतून कापडात गुंडाळलेले चुंबक दोन-तीनदा फिरवावे आणि त्याला चिकटलेले कण फेकून द्यावेत, नाहीतर तेच कण इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला जाऊन चिकटतात. माती पसरल्यावर साबणाचा थेंब टाकलेले पाणी फवारावे आणि मग निम्मे पाणी मिसळलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडावा. झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि रंगवलेला स्पंजाचा चुरा उत्तम. फक्त माड घाटात लावू नयेत. माड आणि पोफळी पायथ्याच्या कुळागरात (बागायतीत) शोभतात, वर दाट मिश्र जंगलच हवे.

शेवटी धबधबा. दूधसागरची उंची सुमारे ३१० मीटर आहे. १:८७ मध्ये ती साडेतीन मीटरपेक्षा जास्त भरते, म्हणजे छत फोडून वर जाईल. म्हणून मी वरचा भाग जंगलात आणि पार्श्वभूमीवर रंगवलेल्या धुक्यात लपवला आहे, आणि वर जावे तशी झाडे लहान केली आहेत. पाण्यासाठी प्लास्टिकच्या कागदावर पारदर्शक सिलिकॉनच्या उभ्या रेघा ओढून त्या टूथपिकने विंचराव्यात, वाळल्यावर सोलून खडकावर चिकटवाव्यात आणि फक्त उंचवट्यांवर पांढरा रंग टेकवावा. धबधबा पुलापाशी संपवू नका. खरे पाणी कमानींखालून निघून पुढच्या दरीत उतरते, म्हणून सिलिकॉनचा दुसरा तुकडा पुलाच्या पुढच्या बाजूला, खालच्या खडकावर, निळ्या सुतळीने आखलेल्या त्याच मार्गाने टेबलाच्या कडेपर्यंत न्यावा.