वासे, मानस आणि मंजुरी

नमस्कार श्रोतेहो. सनद, ना हरकत दाखला, एक-चौदाचा उतारा हे शब्द कानी पडले की अनेकांना कार्यालयांतल्या खेपा आठवतात. मागे एकदा घराचे कुजलेले वासे बदलण्यासाठी मी एकच नकाशा तीन ठिकाणी दिला आणि एका सहीपायी मृगाच्या पावसात छपरावर ताडपत्री ओढून बसलो. त्यामुळे नियमांचा जाच कमी करा, असे कोणी म्हटले की मला ते पटते.

मात्र कमी काय करायचे, इथेच गफलत होते. १९७४ च्या गोवा नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आले. प्रादेशिक आराखड्यात एखादा भूखंड चुकून भलत्याच विभागात दाखवला गेला असेल, तर ती चूक दुरुस्त करता यावी, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. आणि तेवढ्यापुरता तो रास्तही होता. परंतु त्याखाली शेते आणि बागायती एकेक करून वसाहत विभागात, म्हणजे बांधकाम करता येणाऱ्या जमिनीत, जाऊ लागल्या, आणि लोकांच्या हरकती मागवण्याची पायरीच त्यात नव्हती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्दबातल ठरवले. वाचवलेला वेळ खटल्यांत गेला, हे आणखी वेगळेच.

लोकांना विचारण्याची ही पायरी का हवी, हे खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, उभे राहिले की कळते. भरतीचे खारे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या मिटतात. ओहोटीला शेतातले पाणी त्या ढकलून नदीत उतरते. ही व्यवस्था सबंध खाजनाची असते, एकट्या भूखंडाची नव्हे. मधल्या एका तुकड्यात भराव पडला की पाण्याची वाट तुंबते आणि नुकसान सोसतो तो वरच्या अंगाचा शेतकरी, ज्याचे नाव त्या अर्जात कुठेच नसते. कार्यालयात बसून हे दिसत नाही. गावात विचारले तरच समजते.

तेव्हा कागद एकदाच घ्यावा, इतर खात्यांनी तो आपापसांत पाहावा, आणि वासे बदलण्याची परवानगी पंधरा दिवसांत द्यावी. खाजनात मातीचा पहिला टिपर रिकामा होण्यापूर्वी मात्र ग्रामसभेत तो विषय यायलाच हवा, मग त्याला तीन महिने लागले तरी चालतील.