फाट्यावर पाय टेकवताना

श्रोतेहो, नमस्कार. गावाचा रस्ता जिथे हमरस्त्याला मिळतो त्या जागेला आपण फाटा म्हणतो, आणि मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या आठवी ते बारावीच्या कित्येक मुलींना शाळेसाठी तो रोज दोनदा ओलांडावा लागतो. तिथे लाल अष्टकोनी फलक असेल, तर चाक पूर्ण थांबले पाहिजे. लाल काठाचा उलटा त्रिकोण असेल, तर वेग कमी करून हमरस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे असते. पुष्कळ फाट्यांवर मात्र फलकच नसतो, किंवा असला तरी बेशरमच्या झुडपांत बुडालेला असतो.

सायकल ही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन नाही आणि तिला परवानाही लागत नाही. तरीही मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने तिथल्या वाहनांना वाट द्यावी, हा मोटारचालकांना लागू असलेला नियम सायकलस्वारानेही आपलाच मानावा, कारण धडकेत पहिला मार त्यालाच बसतो.

अमेरिकेतील आयडाहो राज्याने १९८२ साली सायकलस्वारांना अशी मुभा दिली, की थांबण्याच्या फलकापाशी त्यांनी वेग कमी करून पाहावे आणि रस्ता मोकळा असेल तर न थांबता पुढे जावे. थांबलेली सायकल पुन्हा चालू करायला किती जोर लागतो, हे मागच्या कॅरिअरवर तुरीचे पोते बांधून नेणाऱ्याला सांगायला नको, त्यामुळे ही सवलत मला मनापासून पटते. परंतु तिचा सारा भार दूरवर दिसण्यावर आहे. आणि आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास फाट्याच्या कोपऱ्यावरची तूर डोक्याच्या वर गेलेली असते, तिच्यापलीकडचा ट्रक अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

थांबलेल्या सायकलीला दोन पदरी रस्ता ओलांडायला पाचेक सेकंद लागतात, असे धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे ११० मीटर अंतर कापते, म्हणून तेवढा रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा दिसल्याखेरीज पायडलवर जोर देऊ नये. आपली वाहतूक डावीकडून चालत असल्याने जवळच्या पदरात वाहन उजवीकडून येते. प्रथम उजवीकडे, मग डावीकडे आणि निघताना पुन्हा उजवीकडे पाहावे. उजवीकडून आलेली एसटी समोरून निघून गेली, तरी लगेच निघू नये. तिच्या आड, पलीकडच्या पदरात, डावीकडून येणारी मोटारसायकल असू शकते.