दुधाच्या पिशवीचा कोपरा

(दृश्य: सकाळ. पुण्यातल्या कोथरूडमधली जुनी सोसायटी. ढकलगाडीची चाकं, मग जिना.)

सकाळचे सात. चार मजले, लिफ्ट नाही. कचरावेचक ताई दोन रिकाम्या बकेटी घेऊन थेट वर जातात आणि वरून खाली येत येत कचरा घेतात. भरलेल्या बकेटीनं जिना फक्त उतरायचा, चढायचा नाही. पाठ शाबूत ठेवायची तर हे पहिल्या आठवड्यातच शिकावं लागतं.

(दृश्य: दारं, एकामागून एक. बेलचा आवाज.)

"कचरा द्या."

या दारातून दोन डबे आले, ओला वेगळा, सुका वेगळा. पुढच्या दारातून आली एक काळी पिशवी, तोंडाशी घट्ट गाठ मारलेली. ताई गाठ सोडतात आणि पिशवी उलटी करतात.

(दृश्य: पिशवीतला कचरा, जवळून. इथे सहा सेकंद निवेदन नाही.)

भाताचं खरकटं. चहाचा चोथा. त्यात भिजलेलं वर्तमानपत्र. शाम्पूची बाटली, संपलेले सेल, फुटलेल्या बल्बची काच. आणि उघडाच टाकलेला डायपर.

कचरा असा देणं नियमाविरुद्ध आहे. ८ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारनं घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम जाहीर केले. आधीच्या, २००० सालच्या नियमांचा रोख पालिकांवर होता. नव्या नियमांनी घराचा उंबरठा ओलांडला. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा, असे तीन भाग ज्यानं कचरा केला त्यानंच करायचे, असं त्यांत होतं. ही विनंती नाही, कर्तव्य आहे. डायपर आणि पॅड गुंडाळूनच द्यायचे, आणि त्यासाठीची पिशवी बनवणाऱ्या कंपनीनं पाकिटासोबत द्यायची. पुण्यात त्या पिशवीआधी घराघरांत पोहोचायला हवा तो साधा लाल ठिपका. कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघणारा हात तिथेच थांबतो.

(दृश्य: लक्ष्मी रस्ता, रात्र. बंद दुकानांबाहेर पुठ्ठ्याची खोकी.)

दुकानं, हॉटेलं, कार्यालयं यांनाही हेच लागू आहे. दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याला २०१६ च्या नियमांत वेगळं नाव होतं, मोठा कचरा उत्पादक. सगळ्या हॉटेलांनी आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवायचा होता. परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसं जमणार असतील, समजा सोसायटीच्या पार्किंगमध्ये बारसं आहे, तर तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करूनच द्यायचा. किती यजमानांना हे ठाऊक असेल?

(दृश्य: एका गृहसंकुलाचा मागचा कोपरा. ताडपत्रीखाली झाकलेलं खताचं मशीन.)

हे मशीन आम्ही दोन वेळा चित्रित केलं. दोन्ही वेळा ते बंद होतं.

(दृश्य: वर्गीकरणाची शेड. पत्र्यातून येणारं ऊन, पोती.)

आता शेडमध्ये या. सगळ्या रहिवाशांनी एकदा तरी यावं अशी ही जागा आहे.

गाड्या अकराच्या सुमारास येऊ लागतात. ओला कचरा बाहेरच्या बाहेर पालिकेच्या गाडीत जातो. सुका जमिनीवर पसरतो आणि बायका गोल करून बसतात. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. पाण्याच्या बाटलीचं झाकण निराळ्या प्लास्टिकचं, म्हणून झाकण या पोत्यात, बाटली त्या पोत्यात. पातळ पिशवी हातात चुरगाळून बघतात. कडकडा वाजली तर एक प्रकार, मऊ राहिली तर दुसरा. शाळेत कुणी शिकवलेलं नाही, पण बोटांना आणि कानाला पक्कं ठाऊक आहे.

(दृश्य: दोन हात, दुधाची पिशवी.)

ही दुधाची पिशवी. धुतलेली असेल तर तिला भाव मिळतो. न धुता गाठ मारून दिली तर दुसऱ्या दिवशी तिला असा वास येतो की ती सुक्यातली उरलेली वस्तूही नासवते. आणि हा कोपरा बघा. आपण तो पूर्ण कापून टाकतो. तो नखाएवढा तुकडा पोत्यात टिकत नाही, गटारात जातो, मातीत जातो. ताई सांगतात, "कोपरा कापा, पण तोडू नका. पिशवीलाच लटकत राहू द्या." एवढंच करायचं आहे.

तेलकट झालेला पिझ्झाचा डबा कागदाच्या ढिगात चालत नाही. भिजलेल्या वर्तमानपत्राचा भाव पडतो. आतून चांदीसारखं चकाकणारं चिप्सचं पाकीट तर भंगारवाला हातातही धरत नाही. म्हणजे आमटीचा एक थेंब कुठे सांडला, यावर त्या दिवशीची कमाई ठरते. शेडमधला सुका माल विकून येणारे पैसे या बायकांचे असतात. घरटी शुल्क आणि हा सुका कचरा, त्यांचा संसार या दोन पायांवर उभा आहे. म्हणून सुका कचरा दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाऊ लागला की त्या रस्त्यावर उतरतात. त्यांचं बरोबर आहे.

(दृश्य: जुने फोटो, मोर्चा, ओळखपत्रं.)

हे हक्क आयते मिळालेले नाहीत. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. तेव्हा या बायका कचराकुंडीत वाकून माल काढत. कुत्री अंगावर येत, आणि चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. माल कुंडीत पडण्याआधीच, दारातूनच वेगळा मिळाला तर? या साध्या प्रश्नातून पुढचं सगळं उभं राहिलं. १९९३ मध्ये हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेचे बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. वेचणारी बाई भिकारी नाही, कामगार आहे, हे तिनं आधी बायकांना सांगितलं आणि मग पालिकेला. पालिकेनं मान्य केलेलं ओळखपत्र गळ्यात आलं. २००८ मध्ये स्वच्छ ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदारी काम करू लागली. संस्थेच्या मालक त्याच, काम करणाऱ्याही त्याच. कुंडीतून दारापर्यंत यायला पंधरा वर्षं लागली.

२०१६ च्या नियमांनी हे काम कागदावरही मानलं. कचरावेचकांच्या संघटनांना ओळख द्या, त्यांना व्यवस्थेत सामील करून घ्या, वर्गीकरणासाठी जागा द्या, असं त्यात पालिकांना स्पष्ट सांगितलं होतं. देशानं नियम लिहिला तेव्हा पुण्यातल्या बायका तेच काम आठ वर्षं करत होत्या.

(दृश्य: मेट्रो वनाझच्या डेपोत शिरते.)

इथे एकेकाळी कोथरूडचा कचरा डेपो होता. शहर वाढत इथवर आलं, आणि कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला.

(दृश्य: उरुळी, दुरून.)

तिथल्या विहिरी खराब झाल्या, आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या.

(दृश्य: पुन्हा तीच सोसायटी. दुसरी सकाळ.)

काळी पिशवी देणाऱ्या घराची बेल वाजते. नियमात दंड आहे, पण ताईंच्या हातात पावतीपुस्तक नाही. दार उघडणाऱ्या मुलाला त्या उलगडून दाखवतात, "बाळा, हे इथे, ते तिथे."

"आई, मावशी काय सांगतायत बघ."

(दृश्य: समोरचं दार. कडीला चिमट्यांनी वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या.)

समोरचे आजोबा बाहेर येतात. आठवडाभराच्या पिशव्या धुऊन, वाळवून, एकावर एक रचून ठेवलेल्या. ताई त्यातली एक उचलतात, उजेडात धरतात. कोपरा लटकतोय.

गठ्ठा सुक्याच्या बकेटीत. खालचा मजला. बेल.